अळंबीची खरी ओळख मातीखाली

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना जिल्ह्याची हद्द संपता संपता कनेरगाव नाका लागते. पुढे पैनगंगा ओलांडली की वाशीम जिल्हा सुरू होतो. एकेकाळी ही नदी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांच्यातली सरहद्द होती. आज दोन्ही तीरांवर सारखीच शेती दिसते. काळ्या जमिनीत सोयाबीन, तूर आणि हळद, चढावर मुरमाड माळ, मध्ये धुरे आणि गायराने. मृगाचा पाऊस पडून गेला आणि आर्द्रा-पुनर्वसूत ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की या धुऱ्यांवर, पडीक रानात आणि वारुळांच्या भोवती अळंबी वर येते. ज्याला ती ओळखता येते, त्याच्या घरी त्या दिवशी भाकरीबरोबर वेगळेच कालवण होते. ज्याला येत नाही, तो तिला ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पायाने उडवून देतो.

न ओळखता तिला हात न लावणारा माणूस शहाणाच म्हणायला हवा, कारण रानातल्या छत्र्यांमध्ये विषारी जातीही आहेत. पण ओळखून खाण्याची विद्याही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तिच्यामागे पक्के विज्ञान आहे. अळंबी ओळखताना बहुतेकांचे लक्ष तिच्या टोपीकडे जाते. ती पांढरी आहे का, सुंदर आहे का, किड्यांनी खाल्ली आहे का, हे पाहिले जाते. वारुळाच्या अळंबीची खरी ओळख मात्र टोपीत नसते. ती मातीखाली, तिच्या लांब मुळात आणि ते मूळ जिथे पोचते तिथे असते.

वाळवीची शेती

मराठी मुलखात पावसाळ्यात आवडीने वेचली जाणारी अळंबी बहुतेक वेळा ‘टर्मिटोमायसिस’ या प्रजातीतली असते. कोकणात आणि गोव्यात तिला वारुळावरची म्हणून मान आहे. पूर्व विदर्भात सात्या आणि टेकोडे या नावांनी रानातली अळंबी बाजारात येते. टर्मिटोमायसिसच्या अनेक जाती आहेत. काहींची टोपी तळहाताएवढी असते, तर काही करंगळीच्या नखापेक्षा फारशा मोठ्या होत नाहीत. पण त्या सगळ्यांची एक अट सारखी आहे. त्या वाळवीशिवाय जगत नाहीत.

वारूळ आपण सापाचे किंवा मुंग्यांचे म्हणतो. ते बांधते वाळवी, आणि साप तिथे नंतर राहायला येतो. आपल्या भागात ‘ओडोंटोटर्मिस’ प्रजातीची वाळवी अशी वारुळे रचते. तिच्या काही जाती जमिनीवर काहीच न उभारता पूर्ण घर मातीखाली ठेवतात. म्हणून सपाट दिसणाऱ्या माळावरही अचानक अळंबी उगवते.

या वाळवीला वाळलेले लाकूड, पालापाचोळा आणि शेण खायला आवडते. पण लाकडातले लिग्निन पचवणे तिला जमत नाही. ते काम ती बुरशीकडून करून घेते. कामकरी वाळवी चघळलेला पाला पोटातून अर्धवट पचवून बाहेर टाकते आणि त्यापासून घरट्याच्या कप्प्यांत अक्रोडाच्या गरासारखा घड्याघड्यांचा गोळा रचते. हाच तिचा वाफा. त्यावर टर्मिटोमायसिसचे धागे वाढतात, लिग्निन फोडतात आणि त्या गोळ्यावर बारीक पांढरे मणी धरतात. कोवळ्या कामकरी ते मणी खातात. त्यातले बीजाणू त्यांच्या पोटातून नव्या वाफ्यावर जातात आणि पेरणी आपोआप होते. जुना झालेला वाफा पुढे वाळवीच खाऊन टाकते, कारण बुरशीच्या कामामुळे तो आता पचायला सोपा आणि जास्त पोषक झालेला असतो.

बुरशी पिकवणाऱ्या या वाळवीच्या जगात सुमारे ३३० जाती आहेत. त्यांचा आणि बुरशीचा हा करार सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत झाला असे जनुकांच्या अभ्यासातून दिसते. माणसाची शेती फार तर १०–१२ हजार वर्षांची आहे. वाळवीच्या घरातल्या या वाफ्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन भारतातूनच झाले. १७७९ साली योहान गेरहार्ड क्योनिग या निसर्गअभ्यासकाने तंजावर परिसरात पाहिलेल्या वाळवीवर लिहिले. तेव्हा तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९४२ साली, फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रॉजे हाइम यांनी या अळंबीसाठी टर्मिटोमायसिस ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. १९७९ साली दक्षिण भारतातल्या एका जातीला मद्रासच्या के. नटराजन यांनी हाइम यांचेच नाव दिले, ‘टर्मिटोमायसिस हाइमाय’. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीच्या अभ्यासाला आणि रक्षणाला बरीच वर्षे दिली आहेत.

ती वर का येते

वर्षभर बुरशी मातीखाली मुकाट वाढते. पावसाने जमीन खोलवर भिजली आणि हवेत उकाडा असला की वाफ्यावरून एक दांडा वरच्या दिशेने निघतो. घरटे खोल असेल तर त्याला वीतभर किंवा त्याहून जास्त माती भेदावी लागते. म्हणून निसर्गाने त्याच्या टोकाला कठीण टोचा दिला आहे. मातीबाहेर आल्यावर टोपी उघडते, आणि हा टोचा तिच्या मधोमध टेंगळासारखा राहतो. टोपीचा रंग बाहेर फिका किंवा राखाडी असला तरी टोच्यापाशी तो बहुधा गडद असतो.

ही धडपड बीजाणूंसाठी असते. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी थव्याने बाहेर पडते, जोड्या जुळतात आणि नवी घरटी सुरू होतात. पण यातल्या बहुतेक जातींमध्ये नव्या राणीबरोबर बुरशीचे बियाणे येत नाही. नव्या घरातल्या पहिल्या कामकरी बाहेर चारा गोळा करायला निघतात, तेव्हा अळंबीतून उडालेले बीजाणू त्यांना पाल्याबरोबर मिळतात. म्हणजे आपण वेचतो ती अळंबी पुढच्या वारुळांचे बियाणेही असते. वेचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

वीज कडाडली की अळंबी निघते, असे गावोगाव म्हणतात. विजेबरोबर येणारा जोराचा पाऊस आणि उकाडा हे त्याचे सरळ कारण आहे. तरीही ही कल्पना अगदीच निराधार नसावी. जपानमधल्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी शिटाके अळिंबीच्या ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे झटके देऊन पाहिले, तेव्हा उत्पादन वाढलेले आढळले.

ओळखायच्या खुणा

वारुळाची मोठी अळंबी ओळखताना खुणा एकेक करून नव्हे, सगळ्या मिळून पाहायच्या असतात. एक जरी जुळली नाही तरी ती अळंबी जागेवरच सोडावी.

पहिली खूण जागेची. ती वारुळावर, त्याच्या पायथ्याशी किंवा घरटे असलेल्या जमिनीवर उगवते, आणि बहुधा एकटी नसते. उकिरड्यावर, शेणाच्या ढिगावर, कुजक्या ओंडक्यावर किंवा झाडाच्या सालीवर ती कधीच येत नाही.

दुसरी खूण टोपीची. मधोमध टोकदार उंचवटा, कडेकडे उतरती छत्री, आणि पूर्ण उघडल्यावर बऱ्याचदा कडा उभ्या चिरलेल्या.

तिसरी खूण टोपीखालच्या पात्यांची. ती दाट असतात, देठाला चिकटलेली नसतात, सुरुवातीला पांढरी आणि पुढे फिकट गुलाबी छटेची होतात. हिरवट, करडी किंवा काळी होत नाहीत.

चौथी खूण गराची. तो पांढरा आणि तंतुमय असतो. हाताने फाडला तर उभा सुटतो, कापल्यावर लाल, निळा किंवा पिवळा पडत नाही, आणि वास स्वच्छ असतो.

पाचवी खूण सर्वांत महत्त्वाची. खुरप्याने भोवतालची माती हळूच मोकळी करून निदान एक अळंबी बुडापर्यंत पाहावी. देठ जमिनीखाली संपत नाही. तो निमुळता होत मुळासारखा खोल जातो आणि वाळवीच्या वाफ्याशी मिळतो. देठाच्या बुडाशी पिशवी नसते, गोल कंदही नसतो. जमिनीच्या वर तोडून आणलेल्या अळंबीची ही खूण हरवते. म्हणून विकत घेताना मुळासकट एक तरी नग मागावा, आणि विकणारी माणसे ओळखीची व अनुभवी असावीत.

देठावरच्या कड्याने गोंधळून जाऊ नये. टर्मिटोमायसिस हाइमायच्या देठावर कडे असते, तर अनेक जातींना ते नसते. म्हणून एकट्या कड्यावरून काहीच ठरत नाही.

याच प्रजातीतली एक जात, टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस, अगदी लहान असते. वाळवीने वाफ्याचे तुकडे बाहेर आणून टाकले की त्यावर ती शेकड्यांनी उगवते. तिला लांब मूळ नसते. रानातली जाणती माणसे ती वेचतात, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तेवढ्याच आकाराच्या पांढऱ्या छत्र्यांमध्ये ‘लेपिओटा’ प्रजातीतल्या जीवघेण्या जातीही येतात.

फसवणाऱ्या छत्र्या

गवताळ जागी आणि शेणखताच्या आसपास पावसाळ्यात एक देखणी, मोठी, पांढरी छत्री उगवते. तिच्या टोपीवर तपकिरी खवले असतात आणि देठावर वरखाली सरकवता येणारे कडे असते. ही ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’. उष्ण प्रदेशांत अळंबीच्या विषबाधेचे हे नेहमीचे कारण आहे. कोवळेपणी तिचीही पाती पांढरीच असतात, फसगत होते ती इथेच. पुढे ती हिरवट होतात. तिला लांब मूळ नसते, देठाचे बूड थोडे फुगीर असते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. माणूस सहसा वाचतो, पण लहान मुले आणि म्हातारी माणसे पाणी कमी होऊन गंभीर होऊ शकतात.

याहून भयंकर ‘अमॅनिटा’ प्रजातीतल्या काही जाती आहेत. त्यांच्या देठावर कडे, पाती पांढरी आणि बुडाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी असते. ही पिशवी मातीत दडलेली असल्याने वरून तोडणाऱ्याला ती दिसतच नाही. त्यांच्यातले अमॅनिटिन हे विष यकृताच्या पेशींना प्रथिने बनवणे अशक्य करून टाकते. घात त्याच्या वेळेत आहे. खाल्ल्यावर ६ ते २४ तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, माणसाला बरे वाटते, आणि आतल्या आत यकृत निकामी होत जाते. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात चहाच्या मळ्यांच्या परिसरात रानातली अळंबी खाऊन १३ जणांचा जीव गेला. अळंबी खाण्याची जुनी सवय असलेल्या मुलखातली ही गोष्ट आहे.

आणखी एक सावधानता. वारुळावर उगवणारी प्रत्येक गोष्ट टर्मिटोमायसिस नसते. वाळवी सोडून गेली की त्याच वाफ्यावर ‘झायलेरिया’ नावाची काळपट, काडीसारखी बुरशी फोफावते. वाळवी असेपर्यंत तिला दाबून ठेवते. कोरड्या मुलखात वारुळांवर ‘पोडॅक्सिस’ नावाची न उघडणारी, खवल्यांची छत्रीही येते. म्हणून एकट्या जागेच्या खुणेवर विसंबता येत नाही.

खोट्या कसोट्या

काही समजुती ऐकायला सोप्या आहेत आणि त्यांनी जीव घेतले आहेत. चांदीचा चमचा किंवा लसूण टाकून रंग बदलतो का पाहणे निरुपयोगी आहे, कारण अमॅनिटिन चांदी किंवा लसूण काळे करत नाही. तांदळाचा रंग बदलतो का, हेही तसेच. गोगलगाय किंवा किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसाला चालते हे खोटे आहे, त्यांचे शरीर वेगळे आहे. टोपीची साल सहज निघते म्हणून ती खाण्याजोगी, हे तर अमॅनिटालाही लागू पडते. उकळून पाणी टाकले, वाळवली किंवा तळली तरी अमॅनिटिन तसेच राहते. पहिल्या घासाची चव चांगली लागणे हाही पुरावा नाही. विषारी अळंबी चवीला छान होती, असे वाचलेल्या माणसांनीच सांगितले आहे.

भरवशाची आणि घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे, बीजाणूंच्या ठशाची. पूर्ण उघडलेली टोपी देठापासून कापावी. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद घेऊन पाती खाली येतील अशी ती ठेवावी, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी कागदावर रंग उतरतो. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी किंवा गुलाबी-पिवळसर असतो. क्लोरोफायलमचा हिरवट येतो, अमॅनिटाचा पांढरा. गुलाबी ठशाच्या काही विषारी जातीही आहेत. त्यामुळे ठसा चुकीचा आला तर अळंबी फेकून द्यावी, बरोबर आला तरी बाकीच्या खुणा जुळल्याशिवाय पातेले चुलीवर चढवू नये.

वेचणे आणि शिजवणे

अळंबी सकाळी लवकर वेचावी. उघडलेली टोपी दुपारच्या उन्हात मऊ पडते आणि एक-दोन दिवसांत किडते. एक नग ओळखीसाठी मुळासकट काढला की बाकीच्या जमिनीलगत कापाव्यात. वारूळ फोडू नये. फोडलेल्या घरात वाळवी आधी डागडुजी करते, आणि नुकसान फार झाले तर पुढच्या वर्षी तिथून काही उगवेलच असे नाही. पूर्ण उघडलेल्या, जुन्या झालेल्या काही छत्र्या तशाच ठेवाव्यात, म्हणजे बीजाणू उडतील. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावरची, महामार्गाच्या कडेची आणि उकिरड्यालगतची अळंबी घेऊ नये. बुरशी जमिनीतले जड धातू सहज शोषून घेते.

आणण्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा टोपली किंवा कापडी पिशवी बरी. पिशवीत कोंडल्यावर ती घामाघूम होऊन लवकर सडते. माती खरवडून, झटपट धुऊन, मोठे तुकडे सुरीने न कापता हाताने उभे फाडले तर त्यांचा तंतुमयपणा टिकतो. कच्ची अळंबी खाऊ नये. तिच्या पेशींच्या भिंतींत कायटिन असते आणि ते पोटाला जड जाते.

मराठवाड्याच्या स्वयंपाकात तिला सोपी वाट आहे. कढईत तेलावर कांदा परतून त्यात लसूण, हळद आणि तिखट घालावे, मग फाडलेली अळंबी. ती आपले पाणी सोडते, तेच पाणी आटेपर्यंत मंद आचेवर शिजू द्यावे. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण आणि काळा मसाला घातला की दाट रस्सा होतो. काही घरी त्यात येसर घालतात. ज्वारीची गरम भाकरी आणि कच्चा कांदा एवढीच साथ पुरते. नुसत्या तेल-मिठावर परतलेली अळंबी लहान मुलांनाही आवडते. मसाला बेताचाच ठेवावा, म्हणजे तिची स्वतःची चव हरवणार नाही.

अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने चांगल्या प्रमाणात असतात, म्हणून श्रावणात मांस न खाणाऱ्या घरांत तिला खास जागा आहे. पण ओळखीची आणि शंभर टक्के खात्रीची अळंबीसुद्धा पहिल्यांदा खाताना थोडीच खावी. काहींच्या पोटाला ती सोसत नाही. शिजवण्याआधी एक कच्चा नग बाजूला, थंड जागी ठेवावा. काही बिघडलेच तर ओळख पटवण्यासाठी डॉक्टरांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

अळंबी खाल्ल्यानंतर उलटी, जुलाब, घाम, भोवळ किंवा पोटात कळा आल्या, तर घरगुती उपाय करत बसू नये. १०८ ला फोन करून जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे. खाऊन किती तास झाले आणि किती जणांनी खाल्ले, हे सांगावे. लक्षणे सहा तासांनंतर सुरू झाली असतील तर धोका जास्त आहे. मध्ये बरे वाटले तरी रुग्णाला घरी आणू नये.

माळ टिकला तर अळंबी टिकेल

बाजारातली पांढरी बटण अळिंबी, धिंगरी किंवा दुधी अळिंबी शेडमध्ये पिकवता येते. सोलन येथे अळिंबीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबी संशोधनाचा प्रकल्प चालतो. पण वारुळाच्या अळंबीची व्यापारी लागवड आजवर कुणाला साधलेली नाही. तिचे धागे प्रयोगशाळेत वाढवता येतात, भरवशाने छत्री मात्र येत नाही. वाळवीने कोट्यवधी वर्षांत जमवलेली व्यवस्था माणसाला अजून उभी करता आलेली नाही. म्हणून ही अळंबी जिथे वाळवी आहे तिथेच मिळणार.

आणि वाळवीच्या जागा कमी होत आहेत. गायरान नांगरले जाते, धुरे अरुंद होतात, सोयाबीनच्या तणनाशकाचा फवारा कडेपर्यंत जातो. वाळवी पिकाची शत्रू म्हणून वारुळांत औषध ओतले जाते. काही जाती उभ्या पिकाचे नुकसान करतात हे खरे आहे. पण माळावरच्या वारुळात पालापाचोळा जिरतो, जमीन भुसभुशीत होते, पाणी मुरते. पिकापासून दूर, धुऱ्यावर किंवा गायरानात उभे असलेले वारूळ मोडण्याचे कारण नाही. नागपंचमीला आपल्याकडच्या बाया वारुळाला हळदकुंकू वाहतात. तोच आदर वर्षभर टिकला, तर नागाबरोबर वाळवीही राहील आणि तिची शेतीही.

यातली दुसरी हानी माणसांची आहे. मुळापर्यंत खणून बघणारी, मातीचा रंग आणि पावसाची चाल पाहून आज कुठल्या धुऱ्यावर निघेल हे सांगणारी माणसे म्हातारी झाली आहेत. त्यांची विद्या कागदावर फारशी नाही. मोबाइलवर टोपीचा फोटो काढून नाव विचारणारी सोय जिवावर बेतू शकते, कारण फोटोत टोपी दिसते, मूळ दिसत नाही. पैनगंगेच्या दोन्ही काठांच्या गावांत, शाळांतल्या शिक्षकांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी या जाणत्या माणसांबरोबर पावसाळ्यात एखादी शिवारफेरी काढावी. मुलांना प्रत्येक छत्री बुडापर्यंत खणून दाखवावी, पिशवी कशी असते आणि लांब मूळ कसे असते ते हातात देऊन सांगावे, आणि कोणती सोडायची हे आधी शिकवावे. खाण्याचा आनंद त्यानंतरचा आहे, पण ती ओळख असेल तर तो निर्धास्त घेता येतो.